टॉवर नसलेल्या रनवेवर दोन छोटी विमानं: गाडं नेमकं कुठे अडतं?

शेपटीवारा

८ जुलै २०२५ ला कॅनडातल्या मॅनिटोबात, स्टाइनबॅकजवळ, दोन सेसना लँडिंगच्या बेतात असताना एकमेकींवर आदळल्या. दोन्हींत एकेक शिकाऊ वैमानिक होता, त्यातला एक केरळचा. दोघंही गेले. तेव्हापासून सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) मुलांना बाहेर धाडणाऱ्या मंडळींचा एकच प्रश्न असतो: तिथे टॉवर आहे का हो? टॉवर म्हणजे विमानांना रेडिओवरून परवानगी देणारा नियंत्रण मनोरा. प्रश्न रास्त आहे, पण उत्तरावर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेत आणि कॅनडात बहुसंख्य विमानतळ टॉवरविनाच चालतात, आपल्याकडे बारामतीचं प्रशिक्षणही वर्षानुवर्षं तसंच होत आलंय. अशा फील्डवर सगळे एकाच फ्रीक्वेन्सीवर आपापली जागा बोलून दाखवतात आणि बाकीच्यांनी ते ऐकून, बाहेर बघून आपलं ठरवायचं.

यात काय बिघडू शकतं हे समजायला क्विन्सीइतकी बोलकी केस दुसरी नाही. १९ नोव्हेंबर १९९६, इलिनॉय राज्य, संध्याकाळी उजेड कमी होत आलेला. रनवे १३ आणि रनवे ०४ एकमेकांना छेदतात. युनायटेड एक्सप्रेसचं बीचक्राफ्ट १९०० हे विमान १० प्रवासी आणि २ वैमानिक घेऊन १३ वर उतरायला येतंय. ०४ च्या टोकाला एक किंग एअर रनवेवर उभं आहे आणि त्याच्या मागे एक चेरोकी आपली पाळी यायची वाट बघतंय. १९०० ने लांबूनच कॉल द्यायला सुरुवात केली होती. शॉर्ट फायनलवर (फायनल म्हणजे रनवेच्या सरळ रेषेतला उतरण्याचा शेवटचा टप्पा) तर त्यांनी थेट विचारलं, की ०४ वरचं विमान थांबणार आहे की टेकऑफ करणार?

उत्तर आलं, पण किंग एअरकडून नाही. चेरोकीने स्वतःचा कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) सांगून आपण ०४ वर टेकऑफसाठी थांबलो आहोत असं कळवलं. नेमका त्याच वेळी १९०० च्या कॉकपिटमधला यांत्रिक आवाज ‘टू हंड्रेड’ बोलला आणि बोलण्याचा एक तुकडा त्याखाली दबला. १९०० ला वाटलं किंग एअरच थांबतंय. आभार मानून त्यांनी लँडिंग केलं. किंग एअरने टेकऑफचा रोल (धाव) सुरू केला होता. दोघं चौकात भिडले आणि शेजारी शेजारी पेटत थांबले. १९०० मधली माणसं धडकेतून वाचली होती, पण पुढचा जिन्याचा दरवाजा उघडलाच नाही. बाहेरून धावत आलेल्यांनाही तो उघडता आला नाही. एकूण १४ मृत्यू.

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने मूळ कारण किंग एअरवर ठेवलं: फ्रीक्वेन्सीवर लक्ष नाही, दुसऱ्या रनवेच्या फायनलकडे नजर नाही. चेरोकीचं अर्धवट ऐकू आलेलं उत्तर हे पूरक कारण. म्हणजे कॉल दिला, उत्तरही मिळालं, फक्त ते दुसऱ्याच माणसाचं होतं. घाटात हॉर्न ऐकू आला म्हणजे समोरची गाडी थांबली असं आपण धरत नाही, रेडिओवर मात्र सर्रास धरलं जातं.

जाणकारांनी भर घालावी. किस्से नकोत, कामाचं लिहा.

विंडसॉक

एअरबँडवर (विमानांच्या रेडिओ फ्रीक्वेन्सींवर) आवाज एएम पद्धतीने जातो आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ऐकणाऱ्यांना चिरका आवाज येतो किंवा लांबच्याचा कॉल जवळच्याच्या खाली गडप होतो. यातली मेख अशी की जे दोघं बोलत होते त्यांना काहीच ऐकू येत नाही, कारण बटण दाबलेलं असताना रिसीव्हर बंद असतो. दोघंही समजतात की आपला कॉल पोचला. म्हणून तिसऱ्याने ‘ब्लॉक्ड’ म्हणायची सवय ठेवली पाहिजे. एका शब्दाचं काम आहे, पण बहुतेक जण गप्प बसतात.

दुसरी भानगड पल्ल्याची. सपाट जमिनीवरच्या अँटेनापर्यंत व्हीएचएफ (हाच विमानांचा रेडिओ) किती सागरी मैल पोचेल याचा ठोकताळा म्हणजे उंचीच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले १.२३. १००० फुटांवर ३९ मैल, ३००० फुटांवर ६७. दोन्ही विमानं हवेत असतील तर दोघांचे आकडे मिळवायचे. अमेरिकेत टॉवर नसलेल्या फील्डना १२२.७, १२२.८, १२३.० अशा मोजक्याच फ्रीक्वेन्सी वाटलेल्या आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी पाचसहा फील्डचा गलका एकत्र ऐकू येतो. म्हणून फील्डचं नाव कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा. ‘टर्निंग फायनल २७’ एवढंच म्हटलं तर कुठल्या गावचं २७?

उलट जमिनीवर पल्ला एकदम आखडतो. रनवेला मध्ये उंचवटा असेल किंवा हँगर आड येत असेल तर एका टोकाचा कॉल दुसऱ्या टोकाला नीट पोचेलच असं नाही, आणि तिथून दिसतही नाही. अशा ठिकाणी ‘कोणी बोललं नाही’ याचा अर्थ ‘कोणी नाही’ असा होत नाही.

कॉलचा क्रम: फील्डचं नाव, विमानाचा प्रकार आणि कॉलसाइन, जागा, उंची, पुढे काय करणार, पुन्हा फील्डचं नाव. प्रकार सांगितला की ऐकणाऱ्याला वेगाचा अंदाज येतो, हे फार महत्त्वाचं. टच अँड गो (टेकून लगेच पुन्हा उडणं) की फुल स्टॉप (उतरून थांबणं) तेही बोलावं, नाहीतर मागचा गाफील राहतो. आणि ‘एनी ट्रॅफिक प्लीज ॲडव्हाइज’ हे पालुपद बंद करा. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेच्या मार्गदर्शनातही ते वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. ते ऐकून चौघं एकदम उत्तर देतात आणि पुन्हा चिरका आवाज.

नाक_वर

प्रकार सांगितला की वेग कळतो हे खरं, पण तो आकडा डोक्यात फिरवून बघायला हवा. वॉटसनव्हिल, कॅलिफोर्निया, १८ ऑगस्ट २०२२. टॉवर नाही. सेसना १५२ सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी फेरीत) टच अँड गो करतंय. दोन इंजिनांचं सेसना ३४० दहा मैलांवरून स्ट्रेट-इन (सर्किट न करता थेट फायनलवर) येतंय आणि तसं सांगतंयही. दोघं एकमेकांना ऐकत होते. १५२ च्या वैमानिकाने शेवटी, तुम्ही फार वेगात मागून येताय, मी गो-अराउंड करतो (उतरणं सोडून पुन्हा वर चढतो), अशा अर्थाचा कॉल दिला. पुढच्या काही सेकंदांत धडक, तिघं गेले. ३४० चा वेग १८० नॉट्सच्या (तासाला १८० सागरी मैलांच्या) आसपास होता, लँडिंगच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त.

आता हिशेब करा. १८० नॉट्सवाला ‘तीन मैलांवर’ म्हणतो तेव्हा तो रनवेपासून ६० सेकंदांवर असतो. ७० नॉट्सवाल्यासाठी तेच तीन मैल म्हणजे अडीच मिनिटं. १५२ शिकणाऱ्या पोराच्या कानात ‘थ्री माइल फायनल’ म्हणजे बराच वेळ आहे असं बसलेलं असतं, कारण त्याची सगळी अक्कल स्वतःच्या वेगावर घडलेली असते. म्हणून वेगवान विमानाने मैलांसोबत मिनिटं सांगावीत. आणि समोर संथ विमान आहे हे कळल्यावर वेग कमी करणं हे मागच्याचं काम आहे, पुढच्याचं नाही.

कोरडाठाक

थोडा विरोध नोंदवतो. स्ट्रेट-इनला खलनायक ठरवायची फॅशन आहे. अमेरिकेच्या नियमात ती बेकायदा नाही, आणि ढगातून इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच करून येणारा दुसरं काय करणार? शिवाय तिथल्या ९१.११३ या नियमानुसार फायनलवर असलेल्या विमानाला हवेतल्या आणि जमिनीवरच्या इतरांवर अग्रक्रम आहे.

शेपटीवारा

कोरडाठाक, ९१.११३ चं पुढचं वाक्यही वाचा ना राव. दोघं उतरायला येत असतील तर खालच्याला अग्रक्रम, पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही आणि त्याला ओलांडायचं नाही. शिवाय ‘फायनल’ किती मैलांपासून सुरू होतं हे त्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही. दहा मैलांवरून अग्रक्रमाची पावती फाडता येत नाही. एफएएच्या सल्लापत्रकाचा सूर असा आहे की स्ट्रेट-इन करायची तर करा, पण सर्किटमधल्यांच्या ओघात खोडा घालू नका.

बाकी तुमचं बरोबर आहे. चूक स्ट्रेट-इनची नव्हती, १८० नॉट्सची होती.

अडीच_अंश

सगळे ‘बाहेर बघा’ म्हणतात, पण बघून किती वेळ मिळतो ते कोणी सांगत नाही. एफएएच्या सल्लापत्रकात एक जुना तक्ता आहे: वस्तू दिसणं ०.१ सेकंद, ते विमान आहे हे कळणं १, टक्कर होणार हे उमगणं ५, निर्णय ४, हातपाय हलणं ०.४, विमानाने वळणं २. बेरीज १२.५ सेकंद.

वॉटसनव्हिलचे आकडे घाला. १८० आणि ७० चा फरक ११० नॉट्स, म्हणजे सेकंदाला साधारण ५६ मीटर. साडेबारा सेकंदांत ७०० मीटर. १५२ च्या पंखांचा पसारा १० मीटर, म्हणजे ७०० मीटरवरून तो एक अंशापेक्षाही कमी दिसतो, तोही मागून बघताना एक बारीक रेघ, पाठीमागे गावाची घरं आणि शेतं. त्या अंतरावर पहिल्यांदा दिसलं तर उशीरच झालाय.

त्यात धडकेच्या मार्गावरचं विमान काचेत जागचं हलत नाही, फक्त मोठं होत जातं. जे सरकताना दिसतं ते धोक्याचं नसतं. आणि आपली नजर हलत्या गोष्टीकडे जाते. म्हणून नजर भिरभिरवून उपयोग नाही, साधारण १० अंशांचा एकेक तुकडा घेऊन तिथे निदान एक सेकंद थांबायचं. खिडकीच्या चौकटीआड काही दडलं असेल म्हणून डोकंही पुढेमागे हलवायचं.

फायनलवर आणखी एक सापळा: खाली पंख असलेलं विमान वर आणि वर पंख असलेलं विमान खाली. म्हणजे पायपर वर, सेसना खाली. पायपरला खालचं दिसत नाही, सेसनाला वरचं. दोघंही अगदी नियमाप्रमाणे रनवेकडे बघत खाली येत असतात. अशा वेळी रेडिओवर आपली उंची बोलणं हाच इलाज, आणि दोघांचा अल्टिमीटर एकाच क्यूएनएचवर (उंची मोजायला अल्टिमीटरवर लावलेल्या हवेच्या दाबावर) असेल तरच त्या उंचीला अर्थ. १० हेक्टोपास्कलची तफावत म्हणजे २७० ते ३०० फूट. टॉवर नसेल तर क्यूएनएच कोणाकडून घेतलं हेही विचारून घ्यावं.

तिरपा_बेस

टॉवर आला की प्रश्न मिटला असं वाटणाऱ्यांसाठी सेंटेनियल, कोलोरॅडो, १२ मे २०२१. दोन समांतर रनवे, १७ लेफ्ट आणि १७ राइट, मधलं अंतर सुमारे २०० मीटर. प्रत्येक रनवेला वेगळा कंट्रोलर, वेगळी फ्रीक्वेन्सी. सिरस या छोट्या विमानाला १७ राइट दिला होता आणि शेजारच्या रनवेला मेट्रोलायनर येतंय हेही सांगितलं होतं. मेट्रोलायनरला मात्र सिरसबद्दल कोणी काही सांगितलं नाही. सिरस बेसवरून (फायनलच्या आधीच्या, रनवेला आडव्या टप्प्यावरून) वळताना आपल्या फायनलच्या पलीकडे गेलं आणि मेट्रोलायनरच्या पाठीत घुसलं. पॅराशूटने सिरसमधले दोघं सुखरूप, आणि मेट्रोलायनर पाठीला भगदाड घेऊन उतरलं. कोणाला खरचटलंही नाही, हे नशीब.

वळण बाहेर का गेलं? वेग. सिरस त्या वेळी १४० नॉट्सच्या पुढे होतं, सर्किटच्या त्या भागात ९० च्या आसपास हवं. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. ३० अंश बँकवर (बँक म्हणजे वळताना विमानाचा कल) ९० नॉट्सला त्रिज्या साधारण ३८० मीटर, १४० ला ९१५. म्हणजे नेहमीच्या खुणेवर वळायला सुरुवात केली तर आपण अर्धा किलोमीटर पलीकडे. शेजारचा रनवे २०० मीटरवर.

आणि ते लक्षात आल्यावर बँक वाढवून ओढून आणायचा मोह अजिबात नको. ४५ अंशांवर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलून धरत नाहीत) १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी, आणि खाली ५०० फूटसुद्धा नसतात. समांतर रनवे नसेल तर सरळ गो-अराउंड. समांतर असेल तर आपल्या बाजूलाच राहून वर चढायचं आणि लगेच बोलायचं.

१७ जुलै २०२२ ला नॉर्थ लास व्हेगासलाही टॉवर होता. पायपर पीए-४६ ला ३० लेफ्ट दिला होता, ते ३० राइटच्या रेषेत आलं आणि तिथे उतरणाऱ्या सेसना १७२ वर आदळलं. चौघं गेले. फायनलवर वळल्यावर रनवेच्या तोंडाशी रंगवलेलं अक्षर मोठ्याने वाचायचं, एवढी साधी गोष्ट आहे.

धुळीचा_लोट

सगळे हवेतच अडकलात. आपल्याकडच्या फील्डवर खरी पंचाईत बॅकट्रॅकची असते. समांतर टॅक्सीवे (रनवेच्या टोकापर्यंत जायचा बाजूचा रस्ता) नाही, त्यामुळे उतरल्यावर रनवेवरूनच परत यायचं किंवा टेकऑफला टोकापर्यंत रनवेवरूनच जायचं. समजा १५०० मीटर जायचंय, १५ नॉट्सने. सव्वातीन मिनिटं लागतात, वर टोकाला वळून सरळ होण्यात अर्धं मिनिट. १५२ चं एक सर्किट साधारण सहा मिनिटांचं. म्हणजे एक विमान बॅकट्रॅक करतंय आणि दोन सर्किटमध्ये आहेत, तर एकाला गो-अराउंड करावंच लागणार, हे आधीच कागदावर दिसतं. तरी चौथं सोडतात.

बॅकट्रॅक सुरू करण्याआधी बेसवर किंवा फायनलवर कोणी आहे का याचं नाव घेऊन उत्तर मिळवायचं, नुसता पुकारा नाही. ‘बेसवरचं सेसना’ असं मोघम नको, कॉलसाइनच घ्यायचा. क्विन्सीत हेच राहिलं: प्रश्न ‘०४ वरच्या विमानाला’ होता आणि ०४ जवळ दोन विमानं होती. उत्तरातला कॉलसाइन आपण विचारलेल्याशी जुळला नाही तर उत्तर मिळालंच नाही असं धरायचं.

होल्डिंग पॉइंटबद्दल (रनवेवर शिरण्याआधी थांबायची जागा): चार पिवळ्या रेघा, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूला असतील तर थांबायचं, तुटक आपल्या बाजूला असतील तर आपण रनवेवर आहोत आणि बाहेर पडतोय. रनवेतून बाहेर पडताना शेपूटसुद्धा रेघेपलीकडे गेल्याशिवाय ‘रनवे व्हेकेटेड’ म्हणायचं नाही. नवशिके नाक बाहेर पडलं की बोलतात आणि शेपूट आतच. थांबताना विमान काटकोनात उभं करू नका, थोडं फायनलकडे तिरकं करा. सेसनाचा पंख वर असल्याने काटकोनात उभं राहून वरून येणारं दिसत नाही. रनवेवर घुसण्याआधी दोन्ही टोकांचं फायनल बघायचं, कारण वारा नसला की कोणी उलट्या बाजूनेही येतो. मग आत गेल्यावर रेंगाळायचं नाही. चेकलिस्ट बाहेरच संपवा. टॉवर नसताना रनवेवर उभं राहून वाट बघणं म्हणजे पाठीमागून येणाऱ्याकडे पाठ करून बसणं.

कुत्री, डुकरं, गवत कापणारी माणसं हा वेगळा धागा होईल. व्याख्येने त्यातली माणसं रनवे इनकर्जनमध्ये (रनवेवर नको तेव्हा कोणी शिरणं) मोडतात, जनावरं नाही.

कोरडाठाक

व्याख्येचा विषय निघालाच आहे म्हणून. एफएए रनवे इनकर्जनला ए, बी, सी, डी अशी श्रेणी देते, ए म्हणजे टक्कर जेमतेम टळली. पण ही मोजणी टॉवर असलेल्या विमानतळांची असते. टॉवर नसलेल्या फील्डवर दोघं एकमेकांना चाटून गेले तर कोणीतरी स्वतःहून कळवल्याशिवाय ते आकड्यांत येतच नाही. म्हणून ‘छोट्या फील्डवर असं फारसं घडत नाही’ हे विधान आकडे दाखवून कोणी करू नये. नासाची एएसआरएस ही गोपनीय नोंद पद्धत १९७६ पासून चालू आहे आणि तिथले अहवाल कोणालाही वाचता येतात. शोधात ‘नॉन-टॉवर्ड’ टाका आणि वाचत बसा. आपल्याकडे दोन विमानं धोकादायकरीत्या जवळ आली तर त्याला एअरप्रॉक्स म्हणतात, तेही कळवायचंच असतं.

माईची_काळजी

मुलगी पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला जातेय. तुमचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. शाळेला नेमकं काय विचारू? आणि ते आयपॅडवर आजूबाजूची विमानं दिसतात म्हणे, ते पुरेसं नाही का?

विंडसॉक

माई, आधी आयपॅडचं. तो एडीएस-बीचा खेळ आहे. समोरच्या विमानात ते सिग्नल पाठवणारं यंत्र असेल आणि चालू असेल तरच ते दिसतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ते सक्तीचं झालं, पण ठरावीक हवाई क्षेत्रांतच. लहान फील्डच्या आसपास ते नसलेली विमानं कायदेशीरपणे उडतात. शिवाय पडद्यावरची जागा किंचित जुनी असते. दहा मैलांवरून येताना कोण कुठे आहे याचं चित्र डोक्यात बनवायला उत्तम. सर्किटमध्ये शिरल्यावर मान खाली नको.

शाळेला हे विचारा: एका वेळी सर्किटमध्ये जास्तीत जास्त किती विमानं सोडता, आणि तो आकडा लिखित आहे का? समांतर टॅक्सीवे आहे की बॅकट्रॅक? पहिल्या सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) वेळी सर्किट रिकामं ठेवता का? जमिनीवर कोणी रेडिओ ऐकत असतं का, आणि ते कोण? रेडिओ बंद पडला तर विद्यार्थ्याने काय करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच नाही आलं तर दुसरी शाळा बघा.

नाक_वर

यात एक जोडतो: गो-अराउंड किती वेळा करून घेता, आणि करताना कुठल्या बाजूला सरकायला शिकवता. डाव्या सर्किटमध्ये रनवेच्या उजवीकडे सरकून वर चढायचं. वैमानिक डावीकडे बसतो, त्यामुळे रनवे आणि त्यावरून उठणारं विमान त्याच्या खिडकीतून दिसत राहतं. सरळ रनवेच्या वरूनच चढलं तर खालून टेकऑफ करणारा थेट पोटाखाली येतो आणि दोघांनाही पत्ता नाही. उजवं सर्किट असेल तर खिडकीची ही सोय नसते, तिथे आधी बोला आणि मग सरका.

तिरपा_बेस

दिव्यांचं राहिलं. रनवे नुसता ओलांडताना बाहेरचे सगळे दिवे चालू, स्ट्रोबसुद्धा (लखलखणारे दिवे); टेकऑफसाठी शिरताना लँडिंग लाइट सोडून बाकी सगळे. लँडिंग लाइट टेकऑफचा रोल सुरू करताना लावायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की आता हा निघाला. रात्री मधल्या रेषेवर उभं राहिलं तर आपला शेपटीचा दिवा रनवेच्या मधल्या दिव्यांत मिसळून जातो आणि फायनलवरून येणाऱ्याला विमान म्हणून ओळखू येत नाही. म्हणून थांबावंच लागलं तर रेषेपासून दोनतीन फूट बाजूला उभं राहतात. ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं यंत्र) टॅक्सी करतानाच एएलटीवर (उंचीही पाठवणाऱ्या खुणेवर) ठेवा, रोल सुरू करताना आठवण्याची वाट बघू नका.